दर मार्चला परत येणारी खरखर: आर्चटॉप गिटारचं एक सोलापुरी दुखणं

सहावी तार मोकळी छेडली की सुरासोबत ‘झर्र’. पाचवीला तेच, जरा कमी. बाकीच्या चार तारा स्वच्छ. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) असतो तोवर गिटार गोड वाजते. होळी उलटली की खरखर सुरू होते आणि जूनमध्ये दोन-तीन दणकून पाऊस झाले की आपोआप थांबते. मात्र तेव्हा दुसरंच दुखणं उभं राहतं. तारा इतक्या वर जातात की पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बार धरताना, म्हणजे एकाच बोटानं सगळ्या तारा दाबताना, बोट बधिर होतं. हा फेरा मी सलग चार वर्षं काढला. पाचव्या वर्षी कारण सापडलं. एक नव्हतं, तीन होती, आणि त्यातलं एक मीच हौसेनं पैसे देऊन बसवून घेतलं होतं.

आर्चटॉप, म्हणजे वरची फळी कमानदार कोरलेली गिटार, बाळगणारे सोलापुरात किती असतील ते बोटांवर मोजता येईल. पण लातूर, धाराशिव, कलबुर्गी या कोरड्या पट्ट्यात कुणाकडे असेल तर त्यांचाही मार्च असाच जात असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिटार हातानं कोरलेली, धड सोळा इंच रुंद. तबली स्प्रूसची, पाठ आणि बाजू मेपलच्या. (‘टॉप’ला, म्हणजे वरच्या फळीला, तबली म्हणायची सवय मला मिरजेत लागली, ते पुढे येईलच.) पुण्यातल्या एका वादकाकडून वापरलेली घेतली. साध्या अकूस्टिक गिटारची घोडी (तारा टेकतात तो ब्रिज) तबलीला चिकटवलेली असते. आर्चटॉपची नुसती उभी असते. बारा नंबरच्या फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीनं गुंडाळलेल्या) संचाचा सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास जातो. त्यातला थोडा भाग घोडीला खाली दाबतो आणि तेवढ्यावर ती जागा धरून राहते. तारा सैल करा, घोडी हातात येते. १९२२ मध्ये गिब्सन या अमेरिकन कंपनीत लॉइड लोअरच्या देखरेखीखाली एल-५ ही आर्चटॉप निघाली तेव्हा गोल भोक जाऊन व्हायोलिनसारखी एफ-होल (f आकाराची भोकं) आली. व्हायोलिनचा आवाज लांब फेकायचा गुण घेतला, तर तिची नखरेल प्रकृतीही पदरात पडायचीच.

आता आमची हवा. एप्रिलमध्ये आई गच्चीवर कुरडया घालते. सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी खडखडीत. मुंबईच्या मावशीकडे तीच कुरडई चार दिवस ओली राहते. लाकडाचंही तसंच आहे. फरक इतकाच की कुरडई वाळून आकसलेली दिसते आणि गिटारची तबली आकसलेली दिसत नाही. स्प्रूस धाग्याच्या दिशेनं जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र आकसतं आणि फुगतं. कमानदार तबली आडवी आकसली की कमान बसते. कमान बसली की तिच्यावर उभी असलेली घोडी खाली जाते, घोडीबरोबर तारा खाली येतात आणि फ्रेटवर घासायला लागतात. पावसाळ्यात उलट.

हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. तरी खरखर गेली नाही, कारण कळणं वेगळं आणि मोजणं वेगळं.

आधी काय काय चुकवलं

पहिल्या वर्षी ट्रस रॉड (दांडीच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) फिरवला. जो भेटेल तो हेच सांगतो. दांडीला थोडा बाक दिला, खरखर कमी झाली, मी खूश. जुलैत तारा पार छतावर. मग उलटा फिरवला. त्या सहा महिन्यांत मी तो रॉड नळाच्या तोटीसारखा वापरला. असं करू नका. ट्रस रॉड दांडीच्या बाकासाठी आहे. तारांची उंची त्यावर ठरवायची नाही. बाक बघायचा तर सहावी तार पहिल्या फ्रेटला आणि दांडी धडाला मिळते त्या फ्रेटला दाबून धरा आणि मध्ये, सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर रॉडला हातसुद्धा लावू नका. कमी-जास्त असेल तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि मग एक दिवस थांबा.

दुसऱ्या वर्षी फ्रेट घासून आणल्या. हा पैसा आणि धातू दोन्ही वाया. फ्रेटची उंची एकदा गेली की गेली, आणि आजार फ्रेटमध्ये नव्हताच. सगळ्या फ्रेटवर आणि मोकळ्या तारेवरही सारखी खरखर येत असेल तर फ्रेटवर संशय घ्यायचं कारणच नाही. एखादी फ्रेट उंच असती तर तिच्या अलीकडच्या एक-दोन जागांवरच आवाज आला असता. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबली की साफ होते, असं असेल तर नटची (दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल गेलीय. एखादा ठरावीकच सूर वाजवला की गिटारमधून काहीतरी झणझणतं, मग तो कुठल्याही तारेवर घ्या, तर एखादी वस्तू सैल आहे. पिकगार्डचा स्क्रू, खुंटीचं बटण, किंवा तबलीला आतून टेकलेली पिकअपची वायर. ही शेवटची गंमत माझ्याकडे होती. एफ-होलमधून मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं, वायर तबलीला टेकून थरथरत होती. मास्किंग टेपच्या दोन तुकड्यांत काम झालं. पण ते वेगळं झणझणणं होतं. सहाव्या तारेची खरखर तशीच राहिली.

तिसऱ्या वर्षी घोडीची चाकं. आर्चटॉपच्या घोडीचे दोन भाग असतात, खाली पाय आणि वर तारा टेकतात तो पूल. मध्ये दोन पेचांवर दोन चाकं. चाकं फिरवली की पूल वर-खाली होतो. मार्चमध्ये वर घेतला, खरखर गेली. जुलैत खाली आणला, बोटं वाचली. पुढच्या मार्चला पुन्हा वर. हे सगळं अंदाजपंचे. किती फिरवलं याची नोंद कुठेच नाही. त्यामुळे दर वर्षी आजार नव्यानंच आल्यासारखा वाटायचा.

एक मित्र म्हणाला, “का बे, तुझ्या गिटारला मुहूर्त बघून वाजवायला लागतंय काय?” रागच आला होता. पण बरोबरच होतं त्याचं.

जॉबरचं बोट

आमची टॉवेलची छोटी शेड आहे. लूम दुरुस्त करणारे आमचे जॉबर एका एप्रिलमधल्या दुपारी हिशेबाला घरी आले होते. मला फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) हवा होता, तो घेऊन आलेले. मी बाक मोजत होतो आणि मध्ये मध्ये तार छेडत होतो. ते थोडा वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, “मालक, वाजवत राहा,” आणि एकेका भागावर बोट ठेवत गेले. पिकगार्डवर ठेवलं, खरखर सुरूच. खुंट्यांवर, सुरूच. टेलपीसवर (तारांची मागची टोकं अडकवतात त्या भागावर), सुरूच. मग घोडीच्या मागे, टेलपीसच्या बाजूला, सहाव्या तारेवरच बोट ठेवून तार जराशी खाली दाबली. आवाज बंद. बोट उचललं, झर्र. दाबलं, बंद.

“ही तार इथं बसतच नाही. नाचतीय नुसती.”

लूमवर बिघाड शोधायची त्यांची रीत हीच. कान फसवतो, बोट फसवत नाही. चार वर्षांत हे मला सुचलं नव्हतं, कारण मी गिटारकडे गिटार म्हणून बघत होतो.

तार घोडीवरून मागे उतरताना जो कोन करते, तोच तिला खाचेत दाबून धरतो. कोन पुरेसा असला तर तार घट्ट. कोन मावळला तर जाड तारा खाचेत थरथरतात. आणि माझ्या गिटारचा तो कोन मीच मारला होता.

झालं असं होतं की गिटार घेतल्यावर वर्षभरात मला लाकडी टेलपीसचं वेड लागलं. न्यूयॉर्कचे गिटार-कारागीर जॉन डी’अँजेलिको यांचा शागीर्द जिमी डी’अ‍ॅक्विस्टो पुढे धातूचा टेलपीस सोडून एबनीच्या (काळ्या कठीण लाकडाच्या) टेलपीसकडे वळला. त्याच्या गिटारचे फोटो बघून मी मूळचा पितळी ट्रॅपीझ टेलपीस काढून टाकला आणि एबनीचा बसवून घेतला. दिसायला देखणा. पण लाकडी टेलपीस धडाच्या कडेवरून दोरीनं बांधलेला असतो आणि ती दोरी कडेला रुतू नये म्हणून तिथे एबनीची एक छोटी उशी लावतात. जुन्या ट्रॅपीझची बिजागरी कडेला अगदी लागून होती. ही उशी तिच्यापेक्षा चांगली पाच मिलिमीटर उंच. म्हणजे मागचं टोक वर आलं आणि घोडीवरचा कोन तेवढा सपाट झाला. हिवाळ्यात, पावसाळ्यात कसाबसा निभायचा. उन्हाळ्यात तबली बसली, घोडी खाली गेली की उरलासुरला कोनही संपायचा.

गिटार घेतल्यानंतरचा पहिला उन्हाळा, ट्रॅपीझ असतानाचा, बिनबोभाट गेला होता. तेव्हाही तारा थोड्या खाली आल्या असणारच, पण खरखर नव्हती. ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी फ्रेट घासत बसलो होतो.

उपाय महागडा नाही. तारा सैल करून ती उशी काढली, तीन मिलिमीटर उतरवली, दोरी कापली जाऊ नये म्हणून तिची कड गोल केली आणि परत लावली. टेलपीस खाली आला, कोन वाढला. एक मात्र जपा: टेलपीसच्या पोटाला आणि तबलीला मध्ये मोकळी जागा राहिलीच पाहिजे. पावसाळ्यात तबली फुगून वर येणार आहे हे धरून हिशेब करा. कोन हवा म्हणून उशी पूर्ण छाटून टाकायचा मोह मला झाला होता. शिवाय कोन फार तीव्र केला तर तबलीवरचा दाब उगाच वाढतो.

मिरजेची फेरी

उशी उतरवल्यावर सहावी तार गप्प झाली. पाचवी अजून कुरकुरत होती. दिवाळीनंतर गिटार घेऊन मंगळवेढा, सांगोला करत मिरजेला गेलो, सतारी-तंबोरे करणाऱ्या एका कारागीर काकांकडे. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या जिल्ह्याचा त्यात वाटा भोपळ्याचा. पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे तिकडे जातात.)

काकांनी तार छेडली, ऐकली आणि हसले. “आम्ही दिवसदिवस घोडी घासून जी जवारी आणतो, ती तुम्हाला नको हाय होय?”

खरंच की. तंबोऱ्यात तार घोडीच्या पसरट माथ्याला अगदी हलकी घासत राहते, त्यातूनच तो भरलेला झंकार येतो. तो नेमका जमावा म्हणून तारेखाली सुताचा धागा सरकवतात. माझी गिटार हेच काम बिनबोलावता, वेड्यावाकड्या पद्धतीनं करत होती. म्हणून त्यांना ते ऐकताक्षणी कळलं.

त्यांनी वहीचा एक कागद फाडला आणि घोडीच्या पायाखाली सरकवायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या तारेच्या बाजूच्या पायाखाली कागद बाहेरून अर्ध्यापर्यंत सहज आत गेला. “ही घोडी एका टाचंवर उभी हाय. तबली ऐकणार कशी हिचं?”

घोडीचे पाय तबलीच्या कमानीला तंतोतंत बसायला हवेत. माझे बसत नव्हते. बहुधा कधीच नीट बसवले नव्हते, कारण घोडी मूळची नव्हती, कुणीतरी आधी बदललेली. हे काम घरी करता येतं, घाई मात्र नको. तारा काढायच्या. घोडीच्या जागेवर तबलीला मास्किंग टेपचा थर द्यायचा. त्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर, टेपनं ताणून चिकटवायचा. चाकं आणि पूल काढून नुसते पाय त्या कागदावर ठेवून तारांच्या दिशेनं पुढे-मागे घासायचे. सेंटिमीटरभराचा फेरा, जास्त नाही. हात डोलला की पाय गोल होतो आणि सगळं मुसळ केरात. काकांनी दोन्ही अंगठे पायांवर अगदी खाली, कागदाजवळ ठेवले होते. वरून धरलं तर डोलतं, म्हणाले. दहा-बारा फेऱ्यांनंतर कार्बन पेपर ठेवून दाबून बघायचं, काळे ठिपके कुठे उमटतात ते. सगळीकडे उमटले की २२० नंबरनं हलका हात.

मग तारा चढवून, पूर्ण सुरात आणून, पुन्हा कागदाची परीक्षा. ताणाखाली पायांचा मधला भाग जरा वाकतो आणि बाहेरची टोकं उचलली जाऊ शकतात. माझ्या एका टोकाखाली पुन्हा कागद शिरला. परत तारा काढल्या, परत घासलं. दुपार गेली.

हे काम मेमध्ये किंवा ऑगस्टमध्ये करू नका. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना बसवलेली घोडी दोन्ही बाजूंना थोडी थोडी चुकते. मेमध्ये बसवली तर पावसाळ्यात साफ चुकेल.

घोडी परत ठेवताना तिची जागा आधी टेपनं आखून ठेवलेली बरी. ठेवली नसेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा. माझ्या गिटारवर नट ते घोडी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर, त्यामुळे ते ३२४ येतं. तेवढंच पुढे, आणि जराशी जास्त. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळवायचा. दाबलेला चढा येत असेल तर घोडी मागे, उतरलेला असेल तर पुढे. सुरात लावताना तारा पुलाला नटकडे ओढतात, त्यामुळे घोडी पुढे झुकते. प्रत्येक वेळी बाजूनं बघून सरळ करा. आणि पूल वाउंड (गुंडाळलेल्या) तिसऱ्या तारेसाठी कापलेला असेल तर साधी तिसरी तार लावून सूर जुळत नाही म्हणून डोकं फोडू नका. ती चढीच वाजणार.

कूलर

तिसरं कारण फारच घरगुती निघालं. पंधराशे रुपयांची मापं घेण्यापेक्षा आधी एक साधा हायग्रोमीटर घ्यायला हवा होता. मी तो घेतला आणि पंधरा दिवस वहीत लिहिलं: वेळ, आर्द्रता, बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची. गिटार हॉलमध्ये भिंतीला टांगलेली. दुपारी तीनला १९ टक्के. रात्री, कूलर चालू असताना, ६५. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ती ओली हवा माणसाला स्वर्ग आणि गिटारला छळ. रोज सुकायचं, रोज भिजायचं. सकाळी दोन मिलिमीटरच्या वर असलेली तार संध्याकाळपर्यंत बारीकशी पण मोजता येईल इतकी खाली आलेली असायची. मी मात्र सकाळी चाक फिरवून रात्री वाजवायला बसायचो.

आता गिटार आतल्या खोलीत, कडक पेटीत. पेटीत दोन्ही बाजूंनी काम करणारी, ४९ टक्क्यांवर हवा धरणारी पाकिटं. ती संपतात तेव्हा छिद्रं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, पिळून काढलेला स्पंज. डबीचं पाणी लाकडाला लागता कामा नये. पावसाळ्यात बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी भसाभस टाकणारे मी पाहिलेत. तेही नको, उलटं टोक गाठलं जातं. गिटार जास्त सुकलीय हे ओळखायला यंत्रही लागत नाही. दांडीच्या कडेवरून अंगठा फिरवा. फ्रेटची टोकं बोचायला लागली असतील तर फिंगरबोर्ड आकसलाय.

आईनं पहिली कुरडई घातली की गिटार पेटीत. भिंतीवर पुन्हा यायची ती मृगाचा पाऊस नीट लागल्यावर.

एक उपदुखणं: गुणगुण

लाकडी टेलपीस बसवल्यापासून अ‍ॅम्प्लिफायरमधून गुणगुणही यायची. जॅकच्या धातूला हात लावला की थांबायची. ट्रॅपीझ असताना पिकअपची अर्थिंगची वायर त्याला जोडलेली होती आणि त्यातून तारांना. लाकडातून ती जाणार कशी? टेलपीसच्या खालून तांब्याची बारीक पट्टी तारांच्या गुंड्यांना टेकवून जॅकच्या बाहेरच्या टोकाला जोडली, गुणगुण निम्म्याहून कमी झाली. राहिलेली घरच्या सॉकेटची. तीन पिनांचं सॉकेट, पण तिसऱ्या पिनेत अर्थिंगच नव्हतं, जुन्या घरात असतं तसं. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या आणि मगच तारांना अर्थिंग जोडलेली गिटार अ‍ॅम्पला लावा. अर्थिंगची पिन मोडून टाकून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं ऐकू नका. तारा तुमच्या हातात असतात.

घोडीच्या मागचा तारांचा तुकडाही कधीकधी स्वतःहून किणकिणतो. त्यासाठी लोक तिथे फेल्टची पट्टी ओवतात. मी टॉवेलची कापलेली किनार तारांमधून वर-खाली ओवलीय. आमच्याकडे तिला तोटा नाही.

सध्याची नोंद अशी. आर्द्रता ४५ ते ५५ मध्ये असताना बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.२ मिलिमीटर, पहिली १.७. चाकांवर पांढऱ्या नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. तो समोर असला की ही उंची. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्धा फेरा वर, जुलैत अर्धा फेरा खाली, आणि वहीत तारीख. गेले दोन उन्हाळे सहावी आणि पाचवी गप्प आहेत. मे महिन्यात दुसऱ्या तारेवर अकराव्या फ्रेटला एक बारीक किणकिण येते. ती त्या घासलेल्या फ्रेटची देणगी. ती फ्रेट बदलायची आहे, पण पाऊस पडून लाकूड स्थिरावल्याशिवाय नाही.